न केलेल्या चुकीची माफी

त्या वर्षी जे जे होते ते असे. मी, अनसूया. माहा पोरगा गजानन, यवतमाळात ॲटो चालवते. त्याची बायको मंदा, मले मामी म्हणते, आमच्या इकडं सासूले मामीच म्हणायची रीत हाये. मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी पायल, उमरखेडकडच्या खेड्यातली पोट्टी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाले. कॉलेजातल्या राऊत मॅडम. परीक्षेच्या खोलीतले नवे सर, त्याईचं नाव मी लिहीत नाही, काहून की माणूस वाईट नव्हता. अन् विद्यापीठाच्या टेबलापलीकडं बसलेले तिघं, दोन साहेब अन् एक बाई. बस एवढेच. याच्यातलं कोणी हे वाचत असन अन् काही खोटं वाटलं तर माह्या घरी येऊन सांगावं, भाकर खाऊन जावी.

माणूस लहानपणी वाढते असं लोकाईले वाटते. माहं तसं झालं नाही. तिसरीतून उठवलं अन् वावरात घातलं. मंग लग्न लागलं, लेकरं झाली, एक गेलं, एक राह्यलं, नवराही गेला. निंदण केलं, कापूस वेचला, दुसऱ्याच्या घरचे भांडे घासले. हे सारं झालं पण त्याच्यात मी वाढली असं मले वाटत नाही, वयानं मोठी झाली एवढंच. रडत बसायलेही फुरसत नव्हती, म्हणून त्याचं काही जास्त लिहीत नाही. वाढली मी ते केस पिकल्यावर, कॉलेजात. माहं तरुणपण लिहायचं म्हटलं तर मले तठूनच सुरुवात करावी लागते. हासा, पण तसंच हाये.

शाळा न शिकलेल्या माणसालेही एक परीक्षा देऊन कॉलेजात बसता येते, अन् वर्ग रविवारीच असतात, हे मंदानं कोठून तरी ऐकून आणलं. मले म्हणे, "मामी, तुम्ही पेपरातल्या जाहिराती सुद्धा मोठ्यानं वाचता. एवढा आवाज करता तर परीक्षाच द्या ना." गजानन म्हणे, "माय, पास झाली तर पेढे वाटीन, नापास झाली तर जिलबी वाटीन, वाटीन नक्की." मी पहिली परीक्षा पास झाली. त्यानं पेढे वाटले, अन् ॲटोत बसणाऱ्या प्रत्येकाले सांगत फिरला का माही माय कॉलेजात जाते. काही जणाईले वाटलं तठी झाडझूड करायले जाते. तो चिडे अन् ॲटो थांबवून समजावून सांगे.

आमचं घर तवा भाकरीचं घर होतं. एका खानावळीले सकाळच्या जेवणाच्या भाकरी मी देत होती. अंगणात पत्र्याखाली चूल, मोठा तवा, अन् पिठाची परात. पहाटे गल्लीत पहिला आवाज माह्या थापेचा, मंग नळाच्या पाण्यासाठी भांड्याईचा, मंग गजाननच्या ॲटोचा, जो थंडीत सुरू होतानी म्हाताऱ्यासारखा खोकलत होता. त्याच टायमाले पायल डोळे चोळत येऊन पाटावर बसे. तिले एक गरम भाकर, तिच्यावर कच्चं तेल अन् तिखट, एवढं दिलं का ती खूष. माहे हात पिठात, म्हणून पुस्तक तिच्या हातात. ती एक ओळ वाचे, मी तिच्यामागं म्हणू अन् थापू. पायलचं वाचणं, माहं म्हणणं अन् भाकरीचं थपथप, तिन्ही एका तालात चाले. माहा सारा अभ्यास असा झाला. म्हणून झालं असं का धडा माह्या डोक्यात गेला तो तोंडातून गेला. आजही मले वाचता येते, पण ओठ हलल्याबिगर अक्षर उघडत नाही. अन् लिहितानी तर आवाज लागतेच. आवाज बंद का हात बंद. आत्ता हे लिहितानीही मंदा आतून इचारते, "मामी, कोणासंगं बोलून राह्यल्या?"

पायलचं काय सांगू. भाडेकरू म्हणून आली अन् पोरगी होऊन बसली. तिची माय उमरखेडच्या एस्टीत ओळखीच्या बाईच्या हातानं तुरीचे सोले, म्हणजे शेंगातले ओले दाणे, पाठवे, वाळलेली आंबाडी पाठवे. मंग मंदा बेसनाच्या वड्याईचा, म्हणजे पातोडीचा, झणझणीत रस्सा करे, पायल नाक पुसत जेवे अन् म्हणे, "वहिनी, माह्या मायले सांगू नका, पण तुमचीच चांगली होते." तिच्या डोक्यात एकच गोष्ट, तलाठी व्हायचं. तलाठ्याच्या भरतीची जाहिरात निघणार होती. तिच्या बापानं सांगतलं होतं, एक डाव फारम भर, एक डाव बस, लागली तर लागली, नाही तर घरी ये. अन् फारम भरायले पदवीचा निकाल हातात पाह्यजे. निकाल नसन तर फारमच भरता येत नाही. म्हणजे त्या पोट्टीचं सारं त्या निकालावर टेकलं होतं. माहं काहीच टेकलं नव्हतं. मी पहिल्या वर्षाले, मी तर हौशीनं बसून राह्यलती.

पायलही त्याच रविवारच्या कॉलेजात, अन् परीक्षेले आमचा नंबर एकाच बाकावर आला. एका बाकावर दोन जणी, पण दोघींचे पेपर वेगळे, कोणी कोणाचं पाहू नये म्हणून. माहा पहिल्या वर्षाचा मराठीचा, तिचा शेवटच्या वर्षाचा अर्थशास्त्राचा. आम्हाले तर लय आनंद झाला, घरून संगं निघालो, गजाननच्या ॲटोत बसून. त्या दिवशी कॉलेजात गडबड होती, तपासणीवालं पथक येणार म्हणून. खोलीवर नवे सर. तरणे, कडक इस्त्रीचा शर्ट, दर थोड्या वेळानं दाराकडं पाहत. मी लिहू लागली अन् माहे ओठ चालू लागले.

"आजी, बोलू नका," सर म्हणे.

"बोलत नाही जी, लिहून राह्यली."

पायलले हासू आलं. तिनं तोंड दाबलं, पण हासू काही दाबलं जाते का. सरांनी दोघींकडं पाह्यलं. मी तोंड बंद केलं. तोंड बंद केलं तर हातही थांबला. मी बसली तशीच, पेन घेऊन, जशी काही बस येण्याची वाट पाहून राह्यली. मंग पुढचा एक शब्द आठवला, तो हळूच म्हटला, अन् पेन चाललं, मंग सारंच चालू झालं. मले सोताले समजलंही नाही आवाज कधी वाढला. सर आले अन् दोघींचे पेपर उचलले. म्हणे, तुम्ही एकमेकींना उत्तरं सांगत होत्या. मंग दोन कोरे कागद आणले, एकीले खिडकीपाशी बसवलं, एकीले फळ्यापाशी, अन् म्हणे जे झालं ते लिहून द्या. मंग पेपर परत मिळाले, पण त्याच्यावर लाल पेनानं काहीतरी लिहिलेलं होतं.

आता जबाब लिहायचा म्हणजे काय लिहायचं? साहेबमाणूस समोर तापून उभा हाये. आमच्या इकडं अशा वेळी पयले साहेबाले थंड करतात, मंग आपलं सांगतात. मी लिहिलं, "काही चूक झाली असल्यास माफी असावी." अन् सही केली. पुढचं लिहायले आवाज काढावा लागला असता, म्हणून तेवढ्यावरच थांबली. तिकडं फळ्यापाशी पायलनं, मले न इचारता, न पाहता, तेच लिहिलं, "काही चूक झाली असल्यास माफी असावी." सर दोन्ही कागद घेऊन गेले. आम्ही बाहेर आलो तवा आम्हाले वाटलं, चला, मिटलं.

मिटलं कायचं. निकालाच्या दिवशी पायल मोबाईल घेऊन अंगणात उभी होती, मी पीठ मळून राह्यलती. तिचा चेहराच उतरला. तिच्या नावापुढं अन् माह्या नावापुढं एकच शब्द होता, राखीव. म्हणजे निकाल ठेवून घेतला, देल्ला नाही. अन् त्याच हप्त्यात भरतीची जाहिरात निघाली. फारम भरायची शेवटची तारीखही त्याच्यात होती. मंदानं त्या दिवशी मुद्दाम पातोडी केली, पोट्टीनं ताट पुढं सरकवलं अन् म्हणे, "वहिनी, भूक नाही." आमच्या घरात पातोडीले भूक नाही म्हटलेलं मी तवाच पयल्यांदा ऐकलं.

मंग तक्रार करायची ठरली. आता आमच्या घरात तक्रार कोणी केली नव्हती कधी. तक्रार म्हटलं का आम्हाले ठाणं आठवते, भांडण आठवते, शेजाऱ्याशी अबोला आठवते. पायल लिहायले बसली अन् आम्ही सारे भोवती. गजानन म्हणे, "लिही, घरची परिस्थिती हलाखीची हाये." पायलनं लिहिलं. मंदा म्हणे, "मामीचे गुडघे लिही, गुडघ्यावर हात ठेवून परीक्षेले गेल्या." ते लिहिलं. मी म्हटलं, "माहा नवरा गेलेला लिही, अन् माहं एक लेकरू गेलं तेही लिही." तेही लिहिलं. गजानन म्हणे, "ॲटोचं लिही, जुना हाये." लिहून लिहून पाठपोट भरलं, अन् शेवटी मोठ्या अक्षरात दयेची भीक मांगितली. वाचतानी आम्ही तिघं रडलो, एवढी चांगली झालती ती तक्रार. पायल कॉलेजात जाऊन ती पेटीत टाकून आली.

कॉलेजच्या तक्रारीच्या कमिटीचा कागद आला. त्याच्यात लिहिलं होतं का दोघींनी परीक्षेच्या खोलीतच लेखी माफी मांगितली हाये, म्हणजे चूक कबूल केली हाये. अन् दोघींचे जबाब शब्दाले शब्द सारखे हायेत, याच्यावरूनही दोघींचं संगनमत दिसते. म्हणून तक्रार फेटाळली. पायलनं दोनदा वाचलं. गजानन पेटला. म्हणे, "थांब, आपल्या वार्डातल्या नगरसेवकाले फोन लावतो. त्याच्या मायची ॲटोनं दवाखान्यात ने-आण केली हाये मी." त्यानं खिशातून मोबाईल काढलाही. मंदा म्हणे, "पयले राऊत मॅडमले इचारा. त्या कमिटीत नाहीत, पण त्याईले माहीत असन." राऊत मॅडम आम्हाले रविवारी शिकवत. त्याईच्या टेबलापाशी आम्ही तिघी उभ्या राह्यलो. त्याईनं आमची तक्रार वाचली, चष्मा काढला अन् इतक्या नरम आवाजात बोलल्या का मले वाटलं आता काही खरं नाही.

"आजी, हे वाचून मलाही भरून आलं. पण ही तक्रार नाही. यात तुमचं सगळं आयुष्य आहे, फक्त त्या दिवशी खोलीत काय झालं तेवढं नाही. तुम्हाला काय पाहिजे तेही नाही."

"दया मांगितली ना मॅडम."

"दया कमिटीच्या हातात नसते. निर्णय असतो. तुमचे दोघींचे पेपर कोणते होते?"

पायलनं सांगतलं. मॅडमनं तिच्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं. "मराठी आणि अर्थशास्त्र? हे कुठे लिहिलंय यात?"

कुठंच लिहिलं नव्हतं. गजाननचा ॲटो लिहिला होता, माहे गुडघे लिहिले होते, पण हे नव्हतं लिहिलं. कोणी इचारलंच नाही तर कायले सांगाचं, असं आम्हाले वाटलं होतं. मॅडमनं मंग त्या कागदाच्या खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. तठी लिहिलं होतं का हा निर्णय पटला नाही तर मुदतीच्या आत विद्यापीठाकडं अपील करता येते. आम्ही ती ओळ वाचलीच नव्हती, फेटाळली म्हटल्यावर कोण खाली वाचते. मॅडम म्हणे, "नगरसेवकाला फोन नको. खालच्यानं नाही म्हटलं तर वरच्याकडे जायचा तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नाही. आणि वरच्यानं तुम्हाला बोलावून ऐकून घ्यावं लागतं." मी भीत भीत इचारलं, सर राग तर धरणार नाहीत ना, त्या पोट्टीचं पुढं काही वाईट तर करणार नाहीत. मॅडम म्हणे, "तक्रार सरांवर नाही आजी, निर्णयावर आहे. सरांनी जे ऐकलं ते लिहिलं. तुम्ही जे झालं ते लिहा." हे मले कोणी पयले सांगतलं असतं तर मी जन्मभर एवढ्या गोष्टी गिळल्या नसत्या. पण ते राहू द्या.

अपील आम्ही अंगणात बसून लिहिलं, दुपारी, भाकरी गेल्यावर. या खेपेले गजाननले बाहेर पाठवलं, का त्यानं ॲटो घालू नये. पायलनं पयले लिहिलं कोण कोठी बसली होती. मंग लिहिलं दोघींचे पेपर कोणते. मंग लिहिलं का आजी लिहितानी बोलतात, ही त्याईची जुनी सवय हाये, पाह्यजे तर त्याईले समोर बसवून लिहायले लावा. मंग लिहिलं का आमचे दोन्ही पेपर शेजारी ठेवून तपासा, अन् निकाल भरतीच्या शेवटच्या तारखेच्या आत द्या. लहानसा अर्ज झाला. मले तर उघडावाघडा वाटला. अन् शेवटी पाहतो तर काय, पोट्टीचं पेन आपोआप चालून राह्यलं, "काही चूक झाली असल्यास मा..." मंदा वरडली, "अवं बह्याड पोट्टे, पुन्हा!" पायलनं कपाळावर हात मारला. मंग तिघी अशा हासलो का बाजूची बाई भिंतीवरून पाहायले आली. नवा कागद घेतला, पुन्हा सारं लिहिलं, अन् या डाव "काही चूक" येण्याच्या आधीच मंदानं पेन काढून घेतलं.

त्या दिवशी पेटीत टाकलं नाही. मॅडमनं सांगतलं होतं, कॉलेजातल्या ऑफिसच्या खिडकीत द्या अन् पोच घ्या. खिडकीतला माणूस म्हणे, "पोच कशाला आजी, इश्वास नाही का आमच्यावर?" मी म्हटलं, "इश्वास हाये जी, म्हणून तर आली. तुम्हालेच आठवण राहावी म्हणून मांगते." तो हासला अन् शिक्का मारून देल्ला. पायलनं तो कागद छातीशी धरला.

विद्यापीठाचं बोलावणं आलं. मी, मंदा अन् पायल सकाळच्या एस्टीनं गेलो. डब्यात भाकरी, मिरचीचा ठेचा अन् तेलात परतलेले सोले. पायलनं रस्ताभर एक घास खाल्ला नाही, मी अन् मंदानं तिचाही वाटा खाल्ला, नासवायचं कायले. शेवटची तारीख जवळ आलती. ती खिडकीतून बाहेर पाहून राह्यली होती, अन् एकदाच बोलली, "आजी, हे जमलं नाही तर मी परत उमरखेडच्या गाडीत बसणार ना?" मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. खोटं बोलता येत होतं, पण ती पोट्टी माह्या तोंडाकडं पाहून ओळखे.

खोली मोठी, पंखा हळू. टेबलापलीकडं तिघं. मोठ्या साहेबानं बसा म्हटलं. खुर्चीले चाकं होते हे मले माहीत नव्हतं, मी टेकली तशी ती मागं गेली, पायलनं धरली. मोठे साहेब म्हणे, "सर अजून आलेले नाहीत, आपण सुरू करू." त्याईनं माहा जबाब पुढं सरकवला.

"आजी, ही सही तुमचीच ना?"

"हाव जी."

"इथे लिहिलंय, काही चूक झाली असल्यास माफी असावी. म्हणजे चूक झाली."

"नाही जी."

"मग माफी कशाची?"

मी तो कागद जवळ ओढला. पायलनं ओढणीचं टोक बोटाले गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मंदा बाहेर बसली होती, तिले आत येऊ देल्लं नव्हतं. मी नुसती त्या कागदाकडं पाहत राह्यली. सोताचं अक्षर ओळखू येत होतं, पण ते सोताच्याच उलटं बोलून राह्यलं होतं. तेवढ्यात दार उघडलं अन् परीक्षेचे ते सर आत आले, घामाघूम, एका हाताले ग्रीस लागलेलं.

"माफ करा सर, चुकलंच माझं. गाडी पंक्चर झाली रस्त्यात."

"हरकत नाही, बसा," मोठे साहेब म्हणे.

मले तवा कोणी बोल म्हटलं नव्हतं, तरी मी म्हटलं, "साहेब, एक इचारू?"

"विचारा."

"सरांची गाडी पंक्चर झाली, त्याच्यात सरांची काय चूक?"

"काही नाही. पंक्चर कुणाचीही होते."

"मंग सरांनी माफी कायची मांगितली?"

 पयले हासल्या त्या बाई, फाईल तोंडापुढं धरून. मंग सर सोताच खाली पाहून हासले. मले धीर आला. मी म्हटलं, "साहेब, आमच्या इकडं पाहुण्याले पोटभर जेवू घालतात, अन् निघतानी म्हणतात, काही चुकलंमाकलं असन तर माफ करा. म्हणून का सैपाक बिघडला होता? कोणता पाहुणा म्हणते, हाव, भाजी खारट होती, चूक कबूल करा? आम्ही साहेबाच्या दारात आलो का पयले माफी मांगतो, मंग आत येतो. ते चप्पल काढण्यासारखं हाये जी. चप्पल काढली म्हणजे पाय चोरीचे होत नाहीत."

"आणि दोघींनी अगदी एकच वाक्य लिहिलं, ते?"

आता पायलले वाचा फुटली. "सर, शाळेत सुट्टीचा अर्ज लिहायला शिकवतात तेव्हापासून शेवटचं वाक्य हेच असतं. मी आत्ताचं अपील लिहितानाही तेच लिहिलं होतं. वहिनींनी पेन ओढून घेतलं म्हणून नाही आलं." दुसऱ्या साहेबानं बाजूच्या ट्रेमधले अर्ज उचलले, एकाची शेवटची ओळ पाह्यली, दुसऱ्याची पाह्यली, तिसऱ्याची पाह्यली अन् ठेवून देल्ले. तोंडानं नुसतं "हं" केलं. त्या बाई म्हणे, "आजी, जरा लिहून दाखवता? तुमच्या घराबद्दल काहीही लिहा." मी पेन घेतलं अन् लिहू लागली, माह्या घरी एक चूल हाये, चूल पत्र्याखाली हाये. त्या म्हणे, आता न बोलता लिहा. मी तोंड मिटलं. पेन "पत्र्या"वरच थांबलं. त्याईनं वाट पाह्यली, मी बी वाट पाह्यली, पण ते पेन काही हललं नाही. तवा सरच बोलले, "सर, हाच आवाज. मला वाटलं त्या शेजारणीला सांगतायत." बाई म्हणे, "पण पेपर वेगळे होते दोघींचे." सर म्हणे, "पथक येणार होतं मॅडम. मी फक्त आवाज ऐकला." हे त्याईनं सोता सांगतलं, कोणी ओढून काढलं नाही. म्हणून मी वर लिहिलं, माणूस वाईट नव्हता.

मंग दोन्ही पेपर टेबलावर ठेवून तपासले. माह्या पेपरात अर्थशास्त्र नव्हतं अन् पायलच्या पेपरात माही मराठी नव्हती. मोठ्या साहेबानं सांगतलं, आदेश आजच काढतो, मुलीचं फॉर्मचं काम अडणार नाही. अन् माह्यासाठी वेगळं एक लिहिलं, का या आजीले पुढच्या परीक्षेले एकटीले बसवावं. बाहेर आल्यावर पायल मंदाच्या गळ्यात पडली, अन् मंग डबा मांगितला. डबा रिकामा होता. मंदानं तिले बस स्टँडवर आलूबोंडे घेऊन देल्ले, ते तिनं आवाज करत खाल्ले. तिनं वेळेत फारम भरला. पहिल्या खेपेले लागली नाही, बापालेच दया आली अन् दुसरी खेप देल्ली. आता ती पुसदकडं तलाठी हाये. फोनवर सांगते, "आजी, लोक अर्ज घेऊन येतात अन् सगळ्याईच्या खाली तीच ओळ असते. मी वाचते अन् मले पत्र्याखालची चूल आठवते."

आता माहं सांगते. दोघींचे निकाल संगंच लागले. पायल चांगल्या मार्कानं पास. मी नापास, अन् तेही त्याच पेपरात. गजाननले हासता हासता खाली बसावं लागलं. म्हणे, "माय, तू दुसरीले उत्तरं सांगून राह्यली होती म्हणे, सोतालेच तर येत नव्हते!" त्यानं बोलल्याप्रमाणं जिलबी आणली, गल्लीभर वाटली, अन् ज्यानं इचारलं त्याले सांगतलं, "माही माय कॉपीच्या केसमधून सुटली अन् नापास झाली." मले वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. नापास तो माहा नापास होता, माह्याच अकलेनं झालेला, कोणी ठेवून घेतलेला नव्हता. पुढच्या परीक्षेले तेच सर होते. त्याईनं माहा बाक सोता उचलून व्हरांड्यात ठेवला अन् म्हणे, "आजी, आता खुशाल बोला." मी बोलली. समोरच्या झाडावर बसलेल्या कावळ्यालेही माहा पेपर समजला असन. तवा पास झाली.

हे जो कोणी वाचत असन त्याले माही एवढीच विनंती. तुमच्या घरची पोट्टी कधी साहेबाले अर्ज लिहायले बसली तर तिच्यापाशी बसा. जे झालं तेच तिले लिहू द्या, काय पाह्यजे ते लिहू द्या, अन् चूक नसन तर माफीची ओळ तिले लिहू देऊ नका.